चाकांच्या खुर्च्या

सोलापूर,
शनिवार, १२ जुलै

प्रियंके,

आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत. शेंगाचटणी कुटलीय, डबा आणि हे पत्र घेऊन दाजी उद्या पुण्याला येतील. तुझे अकरा फोन आले, मी एकही घेतला नाही. रागानं नाही गं. सांगते.

तू आमचा सातवीचा वर्ग नव्यानं मांडून दिलास तो झकासच दिसतो. गोल टेबलं, चाकांच्या खुर्च्या, कोपऱ्यात गाद्या, भिंतभर फळा. शिपाई बसप्पा पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, ही शाळा हाय का कंपनी वो?" बाकावर पेंगणारी पोरं आता गटागटानं वाद घालतात. मला मात्र पहिल्या दिवसापासून धडकी भरलीय. अर्धी पोरं माझ्याकडे पाठ करून बसतात.

मंगळवारी मी भिंतीवर अपूर्णांक लिहीत होते. पडलेली पेन्सिल घ्यायला काव्या वाकली आणि शेजारणीच्या खुर्चीचं चाक तिच्या बोटावर चढलं. शेजारीण घाबरून उठेचना. काव्या किंचाळली, सगळा वर्ग ओरडला, आणि मी लिहीतच राहिले. आमचे मुख्याध्यापक प्रभुलिंग सर धावत आले, त्यांनी खुर्ची उचलली. दोन टाके पडले पोरीला.

"बाई, तुम्हाला ऐकू नाही आलं?" सरांनी विचारलं.

मी म्हणाले, "सर, खुर्च्याच सदोष आहेत." तसं लिहून सहीही दिली. हो, मीच. म्हणून तुझं पुढच्या सहा वर्गांचं काम थांबलंय. सोमवारी अकराला संस्थेची बैठक आहे, तिथं ते काम तुझ्याकडून काढूनच घेणार आहेत.

खुर्चीचा दोष नव्हता. चाकं अडवायला खटका आहे, तो कसा लावायचा हे तू मला दाखवलं होतंस. पोरांना शिकवायचं राहिलं ते माझं.

आणि दुसरं. माझा डावा कान तीन वर्षांपूर्वीच गेला. उजवाही आता नावापुरता. बाकं होती तेव्हा अडतीस तोंडं समोर असायची, ओठांवरून मी उत्तरं ओळखायची. आराखडा करताना तू विचारलं होतंस, "अक्का, तुला काय हवं ते सांग की." पोरांची तोंडं माझ्याकडे असू देत, एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. आपल्या अव्वाला ऐकू यायचं नाही म्हणून गल्लीतली पोरं "किवडी, किवडी" करत मागे लागायची, आठवतं ना? आपली आई मान खाली घालून चालायची. मला तसं चालायचं नव्हतं. कानाचं मशीन आणलंय, ते कपाटात साड्यांखाली पडून आहे.

आज काव्याच्या घरी गेले होते. मला वाटलं, घरचे फाडून खातील. त्यांनी चहा केला. पोरगी समोर बसून म्हणाली, "बाई, मी तुम्हाला तीनदा हाक मारली." ओठ स्पष्ट दिसले मला. मेले गं मी तिथंच.

सोमवारी मशीन लावून बैठकीला जाणार आहे. पहिला कागद खोटा होता हे सगळ्यांसमोर सांगणार. सव्वीस वर्षं शिकवलं, पुढे वर्ग माझ्याकडे ठेवतील की नाही, देव जाणे. पण माझ्या खोटेपणापायी तुझं काम जायला नको.

राग धर, हव्या तेवढ्या शिव्या दे. फक्त फोनवर नको, तिथं ओठ दिसत नाहीत. लिहून पाठव, नाहीतर समोर येऊन भांड.

तुझी,
किवडी अक्का