चाचांच्या कंप्युटरमधलं अर्धं पान

चाचा, तुमचा कंप्युटर परत माझ्या टेबलावर आलाय. चाचींनी तो नऊ वर्षं पलंगाखाली ठेवला होता, जुन्या चादरीत गुंडाळून, वर गाठ मारून. महिन्याभरापूर्वी आठवडी बाजाराच्या दिवशी रिक्षात घालून दुकानात आणला आणि म्हणाल्या, "इसमें उनका लिखा हुआ है. तेरे वास्ते लिखते थे. निकाल के मेरे कू पढ़ के सुना." मी हो म्हणाले, त्यांच्यासाठी चहा सांगितला. त्यांना हे माहीत नाही की ते लिहिलेलं मीच पुसलं होतं. तुम्हाला मात्र माहीत होतं, आणि तुम्ही कुणाजवळ बोलला नाहीत. हे मला इतक्या वर्षांनी कळलं, म्हणून लिहायला बसलेय.

मी तुमच्याकडे काम शिकायला आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि बीडला जाऊन कंप्युटरचा कोर्स केल्याची लई घमेंड होती. तुमच्या वडिलांचं घड्याळाचं दुकान, मग तुम्ही त्यात रेडिओ आणले, मग टीव्ही, मग कंप्युटर. पाटी मात्र घड्याळाचीच राहिली. अख्ख्या वडवणीत ज्यांच्या घरी कंप्युटर होता ते सगळे कधी ना कधी त्या पाटीखालून आत यायचे. पहिल्याच दिवशी मी पेचकस घेऊन कंप्युटरच्या एका डब्याला भिडले, तर तुम्ही माझा हात धरून खिडकीच्या गजावर ठेवलात. "आंगातली वीज आदी तितं सोड. मग मशीनला हात लाव." मला वाटलं, म्हाताऱ्याचा काहीतरी तोडगा असेल. अंगातल्या विजेच्या बारीक ठिणगीनं आतला भाग जळू शकतो, हे नंतर कळलं. आजही डबा उघडण्याआधी माझा हात आपोआप गजाकडे जातो. नव्या दुकानाला काचेचा दरवाजा आहे, म्हणून मी टेबलाशेजारी एक लोखंडी गज मुद्दाम ठोकून घेतलाय. गिऱ्हाइकं विचारतात हा कशाला, मी सांगते, माझ्या गुरुजींचा आहे.

दुसरी गोष्ट तुम्ही शिकवलीत ती विचारायची. "आदी इचार, मग खोल." कधी बंद पडला, त्याआधी काय केलं, आणि घरात आणखी कोण वापरतं. तिसरा प्रश्न तुम्ही कधीच सोडला नाहीत. कंप्युटर आणणारा नेहमी घरातला मोठा माणूस असायचा आणि त्यातलं जपायचं असायचं ते दुसऱ्याच कुणाचं. विंडोज नव्यानं टाकायची, म्हणजे आतलं सगळं पुसायची वेळ आली की तुम्ही मशीन तसंच ठेवायचात, निरोप पाठवायचात आणि घरातल्या सगळ्यांना विचारून झाल्याशिवाय पुढं जायचा नाहीत. मला त्याचा कंटाळा यायचा. मी म्हणायचे, चाचा, एका तासाचं काम तुम्ही तीन दिवस पुरवता. तुम्ही खोडरबरानं रॅमच्या सोनेरी कडा घासत बसलेले असायचात, मान वर न करता म्हणायचात, "पुसलेलं भरून देता येत न्हाई, बेटा."

खंडेनवमीनंतरचा तो दिवस मला फार आठवतो. एका घरात शस्त्रांबरोबर कंप्युटरचीही पूजा झालेली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, वर मूठभर अक्षता. अक्षता जाळीतून थेट पंख्यात. मशीन सुरू होतंय आणि दोन मिनिटांत तापून बंद पडतंय. घरमालकीण ओशाळून उभी आहे, मी हसू दाबतेय, आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून घड्याळाच्या चिमट्यानं एकेक तांदूळ उचलताय. कुंकू तुम्ही मऊ ब्रशनं झाडलंत. सगळ्या अक्षता कागदाच्या पुडीत बांधल्यात आणि पुडी त्या बाईंच्या हातात दिलीत. "हे तुमचं, बाई. पुजेचं हाय, कचऱ्यात नगं." ती पुडी त्यांनी पदराला बांधली. पुढच्या वर्षी त्यांनी फूल आणि कुंकू मॉनिटरसमोर पाटावर ठेवलं, डब्याला लावलं नाही. नुसतं सांगून त्यांनी ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

तुम्ही माझ्यावर खरे रागावलात ते एकदाच. एक निवृत्त मास्तर घाबरेघुबरे होऊन आले, कंप्युटर मेला म्हणाले. आपण घरी गेलो तर मॉनिटरची वायर मागून निसटलेली. मी ती खोचली आणि त्यांच्या तोंडावर हसले. बाहेर आल्यावर तुम्ही रस्त्यातच थांबलात. "हसली कावून? आता त्ये पुन्यांदा हात न्हाई लावायचे त्याला. लेकीशी तितूनच बोलतेत त्ये." मास्तरांची लेक परदेशात होती, मला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. तुम्ही मला परत पाठवलंत, मास्तरांना सगळ्या वायरी काढायला आणि जोडायला शिकवून ये म्हणालात. मी रडतच गेले. त्याच दिवशी तुमच्या वडिलांचा घड्याळ झाडायचा ब्रश तुम्ही मला देऊन टाकलात, का ते सांगितलं नाहीत. त्याचे केस आता निम्मे गळालेत, तरी कीबोर्डातली धूळ मी त्यानंच काढते.

मग तुम्हाला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. दुकान चालवायचं माझ्याकडे आलं, आणि तुमच्या पलंगाशेजारी मी तुमचाच जुना कंप्युटर लावून दिला, वेळ जायला. तुम्ही त्यावर काय करता हे मी वर्षभरात एकदाही पाहिलं नाही. एक दिवस चाचींनी निरोप धाडला, मशीन सारखं बंद होऊन सुरू होतंय. मी आले. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसलेले, डोळे माझ्याकडे. मी विचारपूस केली ती तब्येतीची. मशीनबद्दल एक शब्द विचारला नाही. उस्तादाला काय विचारायचं, आपण गिऱ्हाइकांना विचारतो ते त्यांनाच विचारायचं का, असं मनात म्हणाले. डिस्क काढून दुकानात आणली आणि माझ्या मशीनला जोडून बघितली.

आता खरं सांगते. डिस्क रिकामी नव्हती. जुन्या लग्नपत्रिका होत्या आणि एका फोल्डरात वीसेक फायली. मी एक उघडली. आत नुसता गिचमिड काला, इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं, मध्येच प्रश्नचिन्हं. मी म्हणाले, व्हायरसनं खाल्लं. चाचा, तो व्हायरस नव्हता. तुम्ही ज्यात लग्नपत्रिका छापायचात तो जुना मराठी फॉन्ट होता, आणि तो माझ्या मशीनमध्ये नव्हता, एवढंच. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पत्रिकावाल्यांच्या फायली मी शंभरदा तशा पाहिल्या होत्या आणि फॉन्ट टाकून वाचल्याही होत्या. पण त्या दिवशी भरतीचे फॉर्म भरायला दुकानाबाहेर रांग होती आणि मी डिस्क फॉरमॅट केली. संध्याकाळी तुमच्याकडे आणून लावली. म्हणाले, "चाचा, सगळं साफ केलंय, आता पळेल बघा." तुम्ही पडद्याकडे बघितलंत, बराच वेळ. मग मोठ्या कष्टानं म्हणालात, "चां...गलं." मला वाटलं शाबासकी मिळाली. त्यानंतर चारच महिन्यांत तुम्ही गेलात.

या सगळ्याला तोंड फुटलं ते एका मोबाइलमुळं. चाचींच्या भाचीनं लग्नाचे फोटो चुकून उडवले होते, ते मी परत काढून दिले. चाची शेजारीच बसलेल्या. घरी जाता जाता म्हणाल्या, गेलेलं परत येतं तर मग उनका लिखा हुआ भी आएगा. आणि कंप्युटर घेऊन आल्या. त्यांनीच सांगितलं की तुम्ही वर्षभर रोज सकाळी डाव्या हाताच्या एका बोटानं लिहीत होतात. घरच्या कंप्युटरची दुखणी आणि त्यांचे उपाय, कुणालाही घरी वाचून करता येतील असे. दुकान माझ्या नावानं करून द्याल त्या दिवशी मला द्यायचं होतं. मशीन परत आल्यावर तुम्ही अख्खी दुपार काहीतरी शोधत राहिलात. चाचींनी विचारलं तेव्हा म्हणालात, मशीनची चूक आहे. "बोले, उस कू नक्को बोल, रोएगी." चाचींना कंप्युटरातलं काही कळत नाही. तुम्ही मशीनची चूक म्हणालात, तर मशीनची.

चाची घरी गेल्यावर मी तुमचा डबा उघडला. आत धूळ, कोळ्याचं जाळं. मशीन नुसतं पीप पीप करत होतं. रॅम काढली, खोडरबरानं पुसली, परत बसवली, मशीन सुरू झालं. बारका सेल मेलेला, त्यामुळं तारीख कुठल्या कुठं मागं गेलेली. सेल बदलला. ही सगळी तुमच्याच हातची कामं आणि माझे हात ती नीट करत होते, याचंच मला रडू येत होतं. डिस्क मात्र बाहेर काढून जपून जोडली आणि जेवढं निघेल तेवढं खरवडलं. सहा दिवस लागले. फायलींची नावं निघाली, आत काही नाही. शेवटी एक अर्धं पान निघालं. गिचमिड होतं. या वेळी मी आधी फॉन्ट टाकला, आणि पडद्यावर तुम्ही बोलायला लागलात. "कंप्युटर सुरू होत नसेल तर घाबरू नका. तो मेलेला नसतो. आधी भिंतीतली पिन बघा, ती अर्धी बाहेर आलेली असते. घरात कुणी झाडलोट केली का, वायरीला पाय लागला का, ते" आणि तिथं संपलं. त्या 'ते'च्या पुढं काय, हे मला सांगावं लागत नाही. मी तो शब्द टाइप केला, "विचारा."

तिथून मला थांबता आलं नाही. पुढच्या बाजाराला चाची आल्या, स्टुलावर बसल्या, पिशवी पायाशी ठेवली आणि म्हणाल्या, "निकला क्या?" त्यांना उर्दू वाचता येतं, मराठी नाही. मी अर्धं पान वाचून दाखवलं, आणि ते संपलं तरी वाचत राहिले, कारण उरलेलं अर्धं मी लिहून ठेवलं होतं. चाची म्हणाल्या, "हौ, ऐसाच बोलते थे." मग मी दुसरं पान लिहिलं, माऊस अडखळतो त्याचं. मग तिसरं, यूपीएस ओरडायला लागला की काय करावं त्याचं. तुमच्याच फॉन्टमध्ये, तुमच्यासारखंच डाव्या हाताच्या एका बोटानं लिहिते, कारण उजव्यानं लिहिलं तर ते माझं व्हायला लागतं. एका पानाला पूर्ण दुपार जाते. अशी किती पानं होती तुमची, चाचा? वीस फायली मी स्वतः पाहिल्या होत्या. चाची ती छापील पानं घरी नेतात, तुमच्या चष्म्याच्या डब्यात घडी करून ठेवतात. मागच्या वेळी कागदावरून हात फिरवत म्हणाल्या, "इत्ता सारा एक हात से लिखे उन्ने."

वर मी लिहिलंय की उस्तादाला काय विचारायचं म्हणून विचारलं नाही. ते खरं नाही. खोडत नाही, राहू द्या. तुम्हाला एक शब्द काढायला फार वेळ लागायचा. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, तुम्ही डाव्या हातानं रुमाल शोधायचात, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहायचे. आत काही ठेवलंय का, एवढंच विचारायचं होतं. तुम्हाला उत्तराला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं मला बघवली नसती, म्हणून मी विचारलं नाही.

उद्या बाजार आहे. चाची येतील. चौथं पान छापून तयार आहे, पडद्यावर नुसत्या निळ्या पट्ट्या आल्या तर काय करायचं त्याचं. खरं तर त्याऐवजी हे पत्र त्यांना वाचून दाखवायला पाहिजे, हे मला कळतंय. गेले तीन बाजार कळतंय. तुम्हाला लिहिणं सोपं होतं, चाचा. तुम्ही काही विचारणार नव्हतात.