ट्यूबला भोक, टायरला नाही

दादा,

तुझा फोन इथेच चार्जिंगला राहिलाय, म्हणून ही चिठ्ठी गाडीच्या किल्लीला बांधून ठेवतेय. पूर्ण वाचल्याशिवाय गाडी काढू नकोस.

आज परत सायकल पंक्चर. घाटाचा उतार सुरू होणार, तोच मागच्या चाकातली हवा फुस्सकन गेली. चालत घरी आले. रोज त्या रस्त्याच्या नावाने शंख करत होते ना मी? आज चाक खोलून नीट बघितलं. ट्यूबला आतल्या बाजूने भोक आहे, टायरला साधा ओरखडा नाही. म्हणजे घरातच कोणीतरी टायर उतरवून परत चढवला आणि त्यात ट्यूब चिमटली.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "मीच पहाटे उठून दुरुस्त करून ठेवतो की तुझी सायकल!" सायकलचं दुकान होतं तेव्हा गिऱ्हाईकाला चाक फिरवून दाखवताना हसायचे ना, अगदी तसेच हसले. मी ओरडणारच होते, तेवढ्यात दिसलं, दोन्ही ब्रेकच्या तारा सुटलेल्या होत्या. आज पंक्चर झालं नसतं तर त्या उतारावर मी… जाऊ दे.

बाबांना घेऊन डॉक्टरांकडे चाललेय, बसने. मेकॅनिकला घरीच बोलाव. वहिनीलाही सांग, मुलांना आज चालत शाळेत ने म्हणावं.

बाबांच्या शर्टाच्या खिशात एक जाडजूड नट सापडला. चिठ्ठीशेजारी ठेवलाय. माझ्या सायकलला एवढा मोठा नट कुठेच नाही.

छोटी