गोडी विहीर

२ फेब्रुवारी
आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी फेल! आमचं घर बांधणारा इंजिनियर सनी बाटली भरून तपासायला घेऊन गेला होता. "भाभी, यात खाडीचं मीठ आहे. सिमेंटमध्ये घातलं तर सळ्या गंजणार, स्लॅब गेलाच समजा." माझ्या नवऱ्याचं, रमीजचं तोंड एवढंसं झालं. विहीर बघूनच त्याने बोनकोड्यातली ही जागा घेतली होती — पाण्याचं टेन्शन नाही म्हणे!

५ फेब्रुवारी
टँकर आला आणि गल्लीच्या तोंडाशीच अडकला. गावठाणातली गल्ली ती, रिक्षा शिरते हेच नशीब. ड्रायव्हर शिव्या घालत मागे गेला. पिण्याचं नळाचं पाणी बांधकामाला वापरायचं नाही. काम ठप्प. आणखी एक पावसाळा भाड्याच्या खोलीत? नको रे बाबा!

६ फेब्रुवारी
शेजारच्या गिरजाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "माजे बावीचा पानी ने गो. माजी बाव गोडी हाय." मध्ये फक्त कुंपण, आणि यांची विहीर खरंच गोडी! सनीच्या तपासणीतही पास. मला मात्र अवघडल्यासारखं झालं. घरात नळ असून त्या हेच पाणी पितात. म्हटलं, तुम्हाला कमी पडेल. तर म्हणे, "पान्याला कोन नाय बोलतं?"

१८ एप्रिल
स्लॅब भरून झाला! सकाळपासून पंप चालू. आधी गिरजाबाईंनी येऊन नारळ फोडला — आमच्या घरात! रमीज हसला. "फोडू दे, पाणी त्यांचंच आहे."

२७ एप्रिल
स्लॅबवर आळी करून पाणी साठवतोय. उन्हात सुकतं, की पुन्हा पंप. सनी म्हणतो, जेवढं पाजाल तेवढा पक्का. मी पाजतेय! कॉलमवर पाइप धरते, भिंतींवर धरते. विहीर तळाला जाते आणि सकाळी परत भरलेली. बरकत म्हणतात ती हीच.

३ मे
खिडक्यांचा रंग ठरेना. रमीजला हिरवा हवा. बघू.

९ मे
गिरजाबाईंनी चहाला बोलावलं. चहा फाटला. दुसरा ठेवला, तोही फाटला. दूध तर ताजं होतं. त्यांनी विहिरीचं पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि पेला माझ्यापुढे धरला.
खारं!
सनीला फोन लावला. "एवढं उपसलं की खाडीचं पाणी आत शिरतं, भाभी." आता सांगतोय! मी पंप काढून आणला. लाज वाटते. त्या एवढंच म्हणाल्या, "तुजा घर तरी पक्का झाला ना गो?"