हेडलाइट

प्रिय गुलाम,

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून अतिया वहिनी हसेल, हसू दे. फोनवर मी विषय बदलतो आणि तू बदलू देतोस, ही आपली जुनी खोड. अक्षर मोठं आलंय, तेवढं चालवून घे.

ईदनंतर महाडहून येतोयस आणि आल्या आल्या आपल्या मोटरसायकलवरून वज्रेश्वरीला जायचं, कुंडात पाय सोडून बसायचं, असा हुकूम सोडलायस. गाडी दोघांनी मिळून घेतली, पण जन्मात तू हँडल धरलं नाहीस. मागे बसून गाणी म्हणायची आणि खड्डा आला की मला शिव्या घालायच्या, एवढंच तुझं काम. हुकूम ऐकून बरं वाटलं आणि त्याच दिवसापासून झोपही उडाली.

लूमचा कारखाना बंद झाल्यापासून आपल्या गल्लीतल्या भावेशचा टेम्पो पगारावर चालवतोय, हे तुला माहीतच आहे. कशेळीच्या गोदामांत माल भरायचा आणि मग ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत बसायचं. थकलोय रे. घरी आलो की तुळजा काय विचारते ते ऐकू येतं, पण उत्तर द्यायचं जिवावर येतं.

त्यात गेल्या हिवाळ्यापासून संध्याकाळी घरी कोनला परतताना आपल्या मोटरसायकलचा हेडलाइट मंद वाटायला लागला. बल्ब बदलला, काच घासली, फरक नाही. मीटर लावला तर बॅटरीवर पूर्ण बारा व्होल्ट आणि बल्बवर जेमतेम दहा. म्हटलं, सापडला चोर! दिव्याचा सगळा करंट किल्लीतून, हँडलच्या स्विचमधून, त्या जुनाट बारीक वायरींतून फिरून यायचा आणि वाटेतच जिरायचा. मग दोन रिले आणले, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर रिलेपर्यंत ओढली, तिथून थेट बल्बला. आता जुन्या स्विचने नुसता इशारा करायचा, भार रिलेने उचलायचा. अर्थची वायरही नवी टाकली. टाकीखाली सगळं बसवताना बोटं सोलून निघाली, पण मीटर बल्बवरही बारा दाखवायला लागला. तू असतास तर चहा पाजला असतास.

दिवेलागणीला तुळजाला मागे बसवून निघालो. कोनच्या वळणावर ती किंचाळली म्हणून ब्रेक दाबला. कमळा, आपल्या शेजारची, डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन कडेने चालली होती. चाक तिच्या लुगड्याला लागून थांबलं. मी तिच्यावरच ओरडलो, मग दिव्याला शिव्या घातल्या. तुळजा खाली उतरून म्हणाली, "लाईट तर लख्ख हाय. तुमालाच दिसत न्हाय." घरापर्यंत गाडी ढकलत आणली.

तरी सकाळी पुन्हा मीटर लावला. एखादा जोड सैल निघावा म्हणून देवाला हात जोडले, गुलाम. सगळे जोड घट्ट होते. मग कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. काचबिंदू आहे म्हणाला. दोन्ही बाजूंची नजर बरीच गेलीय, गेली ती परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची. गाडी चालवू नका, दिवसासुद्धा नको. तुळजाला मी सांगितलं, फक्त चष्मा लागलाय.

आणि मी अजून टेम्पो चालवतोय. रोज ठरवतो, आज भावेशला किल्ली द्यायची. रोज स्वतःलाच समजावतो की उन्हात दिसतं, एवढा आठवडा काढू, दुसरं काय काम मिळणार मला. लाज वाटते आणि भीतीही वाटते, पण सकाळ झाली की पाय आपोआप टेम्पोकडे वळतात. माझ्याच्याने हे होत नाही, म्हणून तुला लिहिलं. भावेशला तू अंगाखांद्यावर खेळवलंयस, तो तुझा शब्द मोडत नाही. पत्र वाचलंस की त्याला फोन कर आणि म्हण, हिरामणकडून किल्ली काढून घे. आधी मला फोन करू नकोस. मी तुला पटवीन, आणि तू पटशील.

तुझाच,
हिरामण