सासऱ्यांचा रूबार्ब

२ नोव्हेंबर
सासरे गेले, त्यांचं घर विकलं. बागेतला रूबार्ब, ती आंबट लाल देठांची भाजी, तेवढा वाचला. मेव्हिसने कंद आणून माझ्या हातात दिला. बायकोचा विश्वास म्हणजे काय चीज आहे! मेहुणा क्लिफर्ड म्हणाला, याच्या हाती प्लॅस्टिकची फुलंही सुकतात. दुर्लक्ष केलं. ईस्टरला बाबांच्या रूबार्बचं क्रंबल, वर खुसखुशीत चुरा घालून भाजलेलं गोड, त्याच्याच पानात वाढणार.

३ नोव्हेंबर
कंद लावला. मेव्हिस बजावत होती, पहिल्या वर्षी एकही देठ ओढायचा नसतो, शेंबड्या पोरालाही माहीत आहे. असे नियम सामान्य माणसांसाठी.

२० नोव्हेंबर
लीद घातली. भरपूर. शेजारच्या मिसेस ऑटी कुंपणावरून विचारत होत्या, कंद लावलाय की पुरलाय? म्हातारीला शास्त्र कळत नाही.

१५ जानेवारी
कंदावर कचऱ्याचा जुना डबा पालथा घातला. अंधारात देठ लवकर येतात, लाल आणि कोवळे. वेकफिल्डचे रूबार्बवाले शेतकरी अंधाऱ्या शेडमध्ये असंच करतात. मेव्हिसला विचारलं नाही. सरप्राइज.

२२ फेब्रुवारी, सकाळ
अंधारात रूबार्ब वाढताना कुरकुरतो म्हणतात. चिखलात गुडघे टेकून डब्याला कान लावला. स्पष्ट कुरकुर!

दुपार
मेव्हिस म्हणते, ते तुझे गुडघे. हिला हेवा वाटतो.

१९ मार्च
दोन देठ, करंगळीएवढे. ओढले. चव तपासणं आवश्यक होतं. गुपचूप खाल्ले. फारच आंबट. म्हणजे अस्सल.

ईस्टरचा शनिवार
डबा उचलला. कंद काळा, लिबलिबीत. वास सहन होईना. दोष लिदीचा. किंवा हवेचा. किंवा घोडाच आजारी असावा.

संध्याकाळ
घोड्याचा दोष नाही. तिच्या वडिलांची राहिलेली एकच गोष्ट मी सडवली. कुठल्या तोंडाने सांगू? शेडमध्ये बसून चक्क रडलो.

ईस्टर, सकाळ
सांगितलं. मेव्हिस शांतपणे चहा ओतत राहिली. म्हणाली, तुला दिला तो बाजारातला होता. बाबांचा पहिल्या दिवसापासून मिसेस ऑटींकडे आहे. उगाच का इतकी वर्षं संसार केला तुझ्याबरोबर?

हाताला धरून कुंपणापलीकडे नेलं. पानं हिरवीगार, एकही देठ ओढलेला नाही. बघून बरं वाटलं, फार बरं वाटलं. क्लिफर्डकडे आम्ही सफरचंदाचं क्रंबल नेतो आहोत.

देठ पुढच्या वर्षी ओढायचे, ते मेव्हिस ओढणार. मला पाणी घालायची परवानगी मिळाली आहे. मिसेस ऑटी समोर उभ्या असतील तरच.