कोटाला भोके पाडणारा पतंग आणि लांब कानांचा उंदीर

प्रति,
मा. संचालक,
दुर्मिळ प्राणी प्रजनन केंद्र.

विषय: खोली क्र. ४ मधील आजची औषध फवारणी रद्द करणेबाबत.
संदर्भ: आपले ज्ञापन, दि. ९.

महोदय,

‘नामशेष होत चाललेला वाळवंटी उंदीर आणि कपड्यांना लागणारी कसर यांपैकी आपण नेमके कोणाच्या सेवेत आहात?’ असा तुलनात्मक खुलासा आपण मागितला आहे. तो सादर करतो.

उंदराला लांब कान, थंड खोली, स्वतंत्र डॉक्टर व जाडजूड फाइल आहे. कसरीच्या पतंगाला यांपैकी काहीही नाही, आणि तो मागायलाही येत नाही.

तीन महिन्यांपूर्वी मादीने (आम्ही तिला बाईसाहेब म्हणतो) मंजूर गोळ्या खाणे बंद केले. मी दोन अर्ज केले. दोन्हींवर ‘गोळ्या पौष्टिक आहेत’ असा शेरा आला. असतीलही, परंतु बाईसाहेबांनी शेरा वाचला नाही. चौथ्या दिवशी ती कोपऱ्यात मान टाकून पडली. माझी पत्नी शिवणकाम करते. तिच्या लोकरीच्या चिंध्यांना कसर लागली होती. ती म्हणाली, “फेकूनच देणार होते, न्या तुमच्या बाईसाहेबांना.” मी खोलीत पिशवी उघडली. पतंग उडाले, आणि मान टाकलेली बाई हातभर उंच उडाली. त्या दिवशी तिने अकरा खाल्ले. मी तिथेच फरशीवर बसून रडलो, हे नम्रपणे नमूद करतो.

तेव्हापासून त्या चिंध्या मी औषधांच्या कपाटात सांभाळतो. औषधे खिडकीत ठेवली आहेत. गेल्या रविवारी चार पिल्ले झाली. अभिनंदनाचे पत्र आपल्या नावे आले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

काही पतंग निसटून आपल्या दालनात, दारामागे टांगलेल्या आपल्या कोटात शिरले, हे मान्य. आपण समोरची तीन भोके मोजलीत. पाठीवरची सात आम्हीच पाहतो, आणि कोणी हसलेले नाही. निदान समोर तरी नाही.

तुलनेचा निष्कर्ष एवढाच, की पतंग मेले तर बाईसाहेबांना दूध राहणार नाही. कोट दुसरा शिवता येतो. माझी पत्नी शिवून देईल.

फवारणीवाले बाहेर उभे आहेत. मी आतून कडी घातली असून हा अर्ज दाराखालून सरकवत आहे. मंजुरीही तिथूनच सरकवावी. आत आम्ही सहा जण आहोत. पतंग मोजलेले नाहीत.

आपला नम्र व तूर्त बाहेर न येणारा,
(सही)
पिंजरा-रक्षक, खोली क्र. ४
दि. १२

सोबत: पिल्लांचा वजनतक्ता (एक कोपरा बाईसाहेबांनी कुरतडला आहे).