पाय असलेली अक्षरं

३ मार्च
हिच्या शिवणाच्या दुकानाचा बोर्ड मीच करणार. जाहीर केलं. चांगली नोकरी सोडून ही दुकान टाकतेय, तिथे बाजारू अक्षरं शोभणार नाहीत. जुन्या वळणाची, 'सेरिफ' म्हणतात तशी अक्षरं काढणार. उभी रेषा जाड, आडवी केसासारखी, टोकांना नाजूक पाय. कुणाकडे न शिकता जमलंय, हे नमूद करतो.

९ मार्च
पायाची कमान पुन्हा पुसली. चष्म्यावर भिंग लावूनच काम. मेहुणी येऊन म्हणाली, "भावोजी, अक्षरांना पाय फुटेपर्यंत ताई म्हातारी होईल." दुर्लक्ष केलं.

१४ मार्च
अक्षरांचा पत्रा कापणारा म्हणे, "साहेब, बारीक रेषा जाड करा, लांबून दिसायच्या नाहीत." त्याला जाड-बारीक रेषांतला कॉन्ट्रास्ट म्हणजे काय ते चहा थंड होईपर्यंत समजावलं. शेवटी म्हणाला, "तुमचा बोर्ड, तुमची मर्जी." पटलं असावं.

१६ मार्च
बोर्ड चढला. शिडीवरून, हातभर अंतरावरून, अप्रतिम! ही म्हणाली, "एकदा रस्त्यापलीकडून बघून या ना." म्हटलं, असली अक्षरं जवळून बघायची असतात. आत जाऊन मशीन पुसायला लागली. भारावली असेल.

१७ मार्च
दुकान उघडलं. दिवसभरात एकच माणूस आला. बोर्डाकडे बोट दाखवून विचारतो, "खिडकीचे गज बसवून देता का?" हिने त्याला हसून पाणी दिलं. मी आत कात्री शोधत राहिलो. कात्री समोरच होती.

२० मार्च
दोष उन्हाचा, बारीक रेषा त्यात विरतात. शिवाय लोकांची नजर अधू झालीय. खात्रीसाठी रस्त्यापलीकडच्या चष्मेवाल्याला आमच्या दारावरून जाताना गाठलं. तो म्हणाला, "मला वाटलं, आधी गज ठोकलेत, बोर्ड मागून येणार." चष्मेवाला! विषय वाढवला नाही.

२३ मार्च, दुपारी
ही मशीनवर एकटीच. उशीचा अभ्रा शिवत होती आणि उसवत होती. का, म्हणून विचारलं. "हात चालू राहायला हवा ना," म्हणाली. माझ्याकडे न बघता.
रात्री नीट जेवलो नाही. पोट बिघडलं असेल.

२५ मार्च
हिने विचारलं, "रागावणार नाही ना?" मग पुठ्ठा घेतला, जाड ब्रशने 'कपडे शिवून मिळतील' लिहिलं. ओळ उजवीकडे उतरलेली, अक्षरांना ना पाय ना कमान. शेवटचा शब्द कोंबलेला. सुधारून देतो म्हणणार होतो. शिडी आणली. माझी अक्षरं मीच उतरवली, जागी पुठ्ठा टांगला.

२८ मार्च
दुकानात तीन बायका, बसायला जागा नाही. माझी अक्षरं आतल्या भिंतीवर ठोकलीत. प्रत्येक पायाला एकेक हँगर. मेहुणी म्हणाली, "भावोजी, पाय मात्र भक्कम काढलेत हं!" ही तिला डोळ्यांनी दटावत होती. त्याचंच जास्त लागलं.
बाहेर आलो. रस्ता ओलांडला. पहिल्यांदाच. चष्म्याच्या दुकानासमोर उभं राहून मागे पाहिलं.
चष्मा आतच राहिला होता. तरी पुठ्ठा वाचता आला.